मनकर्णाबाईचं ओलं कापड

अकोल्यात ज्या घरी पाळणा हलला, तिथे मनकर्णाबाई पोचली नाही असं क्वचितच झालं असेल. दाईचं काम सासूकडून आलेलं. तोंडानं फटकळ, पण हात असा की रडकं पोर त्या हाताखाली मुकाट झोपायचं. नवरा कापसाच्या जिनिंगात कामाला होता, पन्नास साली तापानं गेला. मूलबाळ नाही. शेकडो पोरं या बाईनं जगात आणली, आणि घरी हाक मारायला एक नाही!

तिची एक रीत होती. बाळंतिणीच्या छातीत दूध साकळलं, की खोलीची दारंखिडक्या लावायच्या, धुवट मलमलीचा तुकडा भिजवून, पिळून दोन्ही बाजूंवर सारखा पसरायचा आणि बघत बसायचं. जिथे कापड आधी वाळेल तिथे आत आग. मग शेक द्यायचा, नाहीतर सरळ दवाखान्यात पाठवायचं.

एकदा मोरोपंत वकिलांच्या घरी लेकीचं बाळंतपण होतं. वकिलांच्या बायकोनं, अनसूयाबाईंनी, सहज म्हटलं की माझीही छाती उजवीकडे जड वाटते. मनकर्णानं त्यांच्यावरही कापड पसरलं.

"बाई, तुमी मोठ्या दवाखान्यात जा."

"का गं?"

"काहून म्हंजे? इकडचं वायलं, तिकडचं ओलंच हाये."

नागपूरला गाठीचं ऑपरेशन झालं आणि अनसूयाबाई वाचल्या. घरी आल्यावर त्यांनी मनकर्णाला लुगडं दिलं, पण वरून, हाताला हात लागणार नाही असं सोडलं. त्या घरात तिनं हात लावला की बायका अंघोळ करत. छप्पन साली मनकर्णा बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली, घरातले देव मोर्णा नदीत सोडून मोकळी झाली, तरी त्या घरची अंघोळ काही सुटली नाही. मला या गोष्टीचा अजून राग येतो. तिला येत नसे. "लेकरू सुखरूप हाये ना, मंग झालं," म्हणायची आणि एकटीच घराकडे चालू लागायची.

त्रेसष्ट साली अंघोळ करताना तिच्याच छातीत डाव्या बाजूला हाताला काहीतरी लागलं. तुरीच्या दाण्याएवढं. दार लावून तिनं स्वतःवर कापड पसरलं आणि मान वाकवून बघत राहिली. दोन्हीकडे सारखंच वाळलं. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहिलं, तेच. गाठ गार आहे, म्हणजे घोर नाही, असं तिनं ठरवून टाकलं. इतक्या बायकांना खरं सांगणारं कापड आपल्याशी कशाला खोटं बोलेल? दुसरं कुणी असतं तर बोटानं चाचपून म्हणालं असतं, अगं, ही वाढतेय. पण चाचपणार कोण? असे आठ महिने गेले.

मग गाठीवरची कातडी आत ओढली गेली, तेव्हा ती घाबरली. अमरावतीच्या दवाखान्यात बायकांना तपासायला तारा नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्याकडे ती एसटीनं एकटीच गेली.

डॉक्टरीणबाईंनी तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि तिच्या छातीवर ठेवले. हळूहळू दाबत काखेपर्यंत गेल्या.

"इतके दिवस का थांबलात?"

मनकर्णानं कापडाचं सगळं सांगितलं.

"कधीकधी कळतं तसं. पण सगळ्याच गाठी तापत नाहीत हो, बाई." त्यांनी काख पुन्हा चाचपली. "काखेतही गेलंय. उशीर झालाय."

मनकर्णाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. डॉक्टरीणबाई चपापून हात उचलायला लागल्या. "दुखलं का?"

"नाई बाई." तिनं त्यांचं मनगट धरलं. "मालक गेल्यापासून तेरा-चौदा वर्सं झाली, मले कोनं हात लावला नोता. राहू द्या जरासक."

बाहेर बायकांची रांग खोळंबली होती. डॉक्टरीणबाईंनी हात तसाच राहू दिला.