तीन हजार वेढे, दोनदा

आमच्या मजल्यावरच्या वाइंडरच्या डोक्यावर परिणाम झालाय, ही बातमी अख्ख्या इमारतीत पोचायला दीड दिवस लागला. एरवी अर्ध्या दिवसात होतं, पण मला तेव्हा सर्दी झाली होती. बातमी अशी, की हा माणूस संध्याकाळी कामावरून येतो, मागच्या खोलीत जाऊन बसतो आणि मोठमोठ्याने आकडे म्हणतो. कुणी हाक मारली तर ओ देत नाही, नुसता ओरडतो, "चारशे सोळा! चारशे सोळा!" बायकोने चहा विचारला, तिलाही चारशे सोळा. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी तर एका चांगल्या डॉक्टरांचा पत्ता चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "तुमचं येणंजाणं आहे ना, तुम्हीच द्या."

चिठ्ठी घेऊन गेले आणि तोंडावर पडले. भाऊजी एका छोट्या लाकडी चौकटीला हँडल लावून बसले होते. (मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात. नातं काही नाही, भिंत एक आहे.) डाव्या हाताच्या चिमटीत केसाइतकी बारीक तांब्याची तार, उजव्या हाताने हँडल फिरतंय, आणि काडेपेटीपेक्षा जरा मोठ्या पुठ्ठ्याच्या चौकोनावर ती तार वेढ्याला वेढा लागून बसतेय. असे तीन हजार वेढे घालायचे होते. मोजणी चुकली की गेलं सगळं. म्हणून कुणी हाक मारली की चालू आकडा तोंडात धरून ठेवायचा, एवढंच.

"म्हणजे तुम्ही शहाणे आहात?" मी विचारलं.

"सातशे नव्वद," ते म्हणाले.

चिठ्ठी मी घरी आणून डब्यात ठेवली. आमच्याकडे लागेल कधीतरी.

तर हे आमचे वाइंडर. वय सत्तावन्न. जळलेल्या विजेच्या मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर उघडायचे, आतली काळी पडलेली तार ओरबाडून काढायची आणि नवी गुंडाळायची, हे काम एकाच वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं. त्यापायी उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलाय. जिना चढताना दर मजल्यावर थांबतात, आणि दमलोय असं दिसू नये म्हणून नोटीसबोर्ड वाचतात. दुसऱ्या मजल्यावर नोटीसबोर्ड नाही. तिथे ते भिंत वाचतात.

गेल्या वर्षी वर्कशॉपमध्ये वाइंडिंगचं मशीन आलं. आकडा दाबला की ते गुंडाळतं, मोजतं आणि थांबतं. खांदा वगैरे त्याला नाही. त्यातच भाऊजींनी तार भरलेल्या दोन मोटारी लागोपाठ परत आल्या. मालक तसा बरा माणूस, यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. म्हणाला, "मिस्तरी, महिनाअखेरीपर्यंत सांगा मला. बेंचवर राहताय, की स्टोअरमध्ये बसताय?" बेंच म्हणजे हेच तारेचं काम; स्टोअर म्हणजे खुर्ची, पंखा आणि दिवसभर खोकी मोजणं.

ताई, म्हणजे त्यांची बायको, स्टोअरच्या बाजूची. "रोज यांचा खांदा शेकून शेकून माझे हात गेले," ती मला म्हणाली. "बसू दे की जरा खुर्चीत. माणूस घरी येतो तो पिळून टाकलेल्या फडक्यासारखा."

पण भाऊजींच्या मनात वेगळंच होतं. त्या परत आलेल्या मोटारींनी त्यांची झोप उडवली होती. हात गेले की आहेत, हे त्यांना बघायचं होतं, आणि तेही वर्कशॉपमध्ये चार जणांसमोर नाही. म्हणून त्यांनी अँप्लिफायर बनवायला घेतला, जुन्या पद्धतीचा, दिव्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा. तरुणपणी दोन गल्ल्या सोडून असलेल्या रेडिओवाल्या काकांच्या दुकानात त्यांनी तसला एक ऐकला होता. त्यात भानगड फार नाही. एक लहान व्हॉल्व्ह आवाज उचलतो, एक मोठा व्हॉल्व्ह त्याला जोर देतो, आणि शेवटी एक ट्रान्सफॉर्मर तो आवाज स्पीकरला झेपेल असा करून देतो. बाकीचं सामान कुणीही जोडेल, पण सगळा जीव त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, आणि तो हाताने गुंडाळायचा.

"हा नीट बोलला तर बेंच," ते ताईला म्हणाले. "नाही बोलला तर मालकाने सांगायच्या आधी मीच स्टोअरमध्ये जातो."

ताईने हे मला तासाभरात सांगितलं. मी मात्र कुणालाही सांगितलं नाही. शिक्षिकाबाई सोडून.

तीन आठवडे चाललं ते. संध्याकाळी दीडशे वेढे, फार तर दोनशे. दर थरावर पातळ कागद. मग पुन्हा तार. मान आखडली की थांबायचं. एकदा तर हँडल हातात धरूनच डुलकी लागली, आणि ताईने हळूच बोटातली तार सोडवली. जागे झाल्यावर आधी तिच्याकडे नाही, तारेकडे बघितलं. "तुटली नाही ना?" संसाराची तीस वर्षं, आणि विचारपूस तारेची!

एका रविवारी सकाळी चाचणी झाली. मला बोलावणं नव्हतं, पण मी साखर मागायला गेले होते. लाकडी फळीवर सगळा संसार मांडलेला. स्विच दाबला, व्हॉल्व्हमध्ये हळूहळू केशरी धग दिसायला लागली, आणि रेडिओवरचा निवेदक बोलायला लागला. बोलायला म्हणजे काय, पिंपात डोकं घालून घसा बसलेला माणूस बोलेल तसा. खर्जातला जाड आवाज तर नाहीच, आणि जरा मोठा केला की फाटायचा.

भाऊजींनी दोन मिनिटं ऐकलं आणि स्विच बंद केला. मी साखर न घेता घरी आले. यावरून ओळखा.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी तो ट्रान्सफॉर्मर उघडला. कुठेतरी तारेवरचं वार्निश खरचटलं असेल, दोन वेढे एकमेकांना चिकटले असतील, असा त्यांचा हिशोब. भिंग घेऊन ते एकेक थर उलगडत गेले. तीन हजारच्या तीन हजार वेढे. चार संध्याकाळी गेल्या. दोष सापडला नाही. दुसरा कुणी म्हणाला असता, दोष नाही म्हणजे कॉइल, ती गुंडाळलेली तार, चांगली. हे म्हणाले, "दोष सापडत नाही. म्हणजे हात गेले ते गेले, डोळेही गेले."

"अहो, पण नसेलच तर?" ताई म्हणाली.

"आवाज ऐकलास ना तू?"

उलगडलेली तार वेडीवाकडी होते, पुन्हा कामाची राहत नाही. तिचा तो लाल-तपकिरी गुंता पिशवीत भरून त्यांनी दाराआड टांगला, आणि सोमवारी मालकाला सांगून आले की मी स्टोअरमध्ये बसतो. मालकाने मोबाइलमधून मान वर न करता म्हटलं, "बरं झालं. मलाच सांगायला अवघड जात होतं."

एवढं एक वाक्य ते घरी घेऊन आले. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या मजल्यावरची भिंत फार वेळ वाचली. मी वरून बघत होते, पण हाक मारली नाही.

मला वाटलं होतं खुर्चीत बसून माणूस ताजातवाना होईल. उलटंच झालं. खांदा दुखायचा थांबला, पण अंगातलं काहीतरी खाली बसलं. कामावरून यायचे, हातपाय धुवायचे आणि मागच्या खोलीत न जाता पुढच्या खोलीत बसायचे. ताई मला म्हणाली, "आता आकडे ऐकू येत नाहीत गं. घर कसं ओसाड वाटतं." महिनाभरापूर्वी हीच बाई त्या आकड्यांना कंटाळून माझ्याकडे येऊन बसायची!

व्हॉल्व्ह रेडिओवाल्या काकांकडूनच आणले होते; महिनाभराने ते परत करायला भाऊजी त्यांच्याकडे गेले. काकांचं वय ऐंशीच्या पुढे, दुकान केव्हाच बंद पडलेलं, जीभ मात्र चालू. त्यांनी व्हॉल्व्ह परत घ्यायला साफ नकार दिला. म्हणाले, आधी मला तुझं कर्म बघू दे. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काठी टेकत स्वतः हजर झाले. तीन मजले चढायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. दुसऱ्या मजल्यावर मी खुर्ची नेऊन दिली, म्हणून पुढचं सगळं ऐकायचा हक्क माझा.

काकांनी त्या ट्रान्सफॉर्मरचा उघडा सांगाडा हातात घेतला. कॉइलच्या पोटात लोखंडाच्या पातळ पत्र्या भरलेल्या असतात, त्या बाजूला रचून ठेवल्या होत्या.

"या कशा भरल्या होत्यास?"

"जशा भरतात तशा," भाऊजी म्हणाले. "एक या बाजूने, एक त्या बाजूने. एकात एक. वरून लाकडी हातोडीने ठोकून घट्ट."

"आणि फट?"

"फट?" भाऊजींचा चेहरा असा झाला, जणू काकांनी घरातलं काहीतरी वाईट विचारलं. "फट कशी राहील, काका? कामाला लागलो तेव्हा पत्र्यांत नखाएवढी फट राहिली म्हणून उस्तादाने पाठीत रट्टा घातला होता. फट राहिली की ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. आजवर माझा एक गुणगुणला नाही."

"गाढवा," काका प्रेमाने म्हणाले, "तो घरगुती विजेचा ट्रान्सफॉर्मर. तिथे करंट इकडून तिकडे, तिकडून इकडे. इथे तुझा एकच व्हॉल्व्ह. त्याचा करंट सतत एकाच दिशेने. लोखंडाचं पोट आधीच गळ्यापर्यंत भरलेलं. त्यात गाणं कुठे मावणार? इथे पत्र्यांचे सगळे मोठे तुकडे एका बाजूने भरायचे, सगळे छोटे दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये कागदाची एक पट्टी. फट ठेवायचीच असते."

भाऊजी खाली बसले. मग म्हणाले, "म्हणजे कॉइल..."

"कॉइल बघू दे. कुठे आहे?"

ताईने दाराआडची पिशवी काढून दाखवली. काकांनी आत डोकावून बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला. "उलगडलीस? सगळी?"

"सगळी."

"चांगली होती रे ती."

खरं सांगते, मला कुणाच्याही घरात काय चाललंय ते बघायला आवडतं. पण तेव्हा मी उठून उगाच त्यांच्या बेसिनचा नळ बंद करून आले. तो बंदच होता. दुसरा कुणी असता तर चूक कॉइलची नाही, पत्र्यांची, हे त्याला निदान वाटून तरी गेलं असतं. यांच्या हाताला चौतीस वर्षं एकच शहाणपण शिकवलेलं, आणि त्या शहाणपणानेच घात केला.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"झोपणार," ते म्हणाले, आणि काकांना खाली सोडून आल्यावर खरंच झोपले.

आठवडाभर काही नाही. मग एका संध्याकाळी भिंतीपलीकडून पुन्हा ऐकू आलं, "एक... दोन..." मी तव्यावरची पोळी विसरले. या वेळी ताई शेजारी बसायची. दर शंभराला पेपरच्या कडेला पेन्सिलीची रेघ मारायची, म्हणजे यांना तोंडात आकडा धरायला नको. घाई कसलीच नव्हती, आता सिद्ध काय करायचं होतं कुणाला? कधी पन्नास वेढे झाले की थांबायचे. कधी दोघं नुसतीच बसायची, तार तशीच ताणलेली. सात आठवडे लागले.

पत्र्या भरताना मात्र हाताने बंड केलं. भाऊजी आपले सवयीने एक इकडून, एक तिकडून घालायला लागले. तीन वेळा भरल्या, तीन वेळा काढल्या. शेवटी कागदाची पट्टी ठेवताना त्यांनी तोंड फिरवलं. "तूच ठेव," ताईला म्हणाले. "माझ्याच्याने बघवत नाही."

त्या रविवारी मी सरळ आमंत्रण नसताना गेले, साखरेचं नावही काढलं नाही. व्हॉल्व्ह तापले. तोच निवेदक बोलायला लागला, आणि ताईने पदर सावरला. तो इतका जवळ होता, की बोलता बोलता त्याने आवंढा गिळला तोही ऐकू आला. मग वाजलं गाणं. त्यातल्या तंबोऱ्याच्या जाड तारांचा आवाज फळीतून माझ्या पायाच्या तळव्यापर्यंत आला. भाऊजी डोळे मिटून बसले होते. ऐकत होते की नुसते दमून बसले होते, ते कळेना. गाणं संपल्यावर त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, दुकानातून परत आलेल्या वस्तूसारखे.

आता एवढी मोठी गोष्ट मी पोटात ठेवणं शक्य नव्हतं. मंगळवारी भाजीवाल्याकडे मालकाची बायको भेटली. मी तिला व्हॉल्व्हपासून पट्टीपर्यंत सगळं सांगितलं, थोडं वाढवूनच. गुरुवारी संध्याकाळी मालक स्वतः दारात. मागोमाग मी.

त्याने गाणं ऐकलं. फळीखाली वाकून ट्रान्सफॉर्मर बघितला, बोटाने कॉइलची कड चाचपली. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "मिस्तरी, खरं बोलतो. त्या मशीनला बारीक तार झेपत नाही. रोज तुटते. आणि त्या दोन मोटारी परत आल्या होत्या ना, त्यात बेअरिंग जाम होते, तुमची काही चूक नव्हती. मीच बोललो नाही. तुमचे हात असे असताना तुम्ही खोकी काय मोजताय? सोमवारपासून बेंचवर या."

ताई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. मी श्वास रोखला, आणि हे माझ्याकडून क्वचितच होतं. भाऊजींनी आधी आवाज थोडा कमी केला, खांदा जरा दाबला, आणि म्हणाले, "हात आहेत, मालक. पण ते आता घरी लागतात."