वैशूचं कार्ड आणि आमची पराटी

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ हाताला येतील तसे पडले आहेत, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर मी फक्त सही लिहिली, आणि जिथे जिथे सही केली तिथे तिथे पुढे त्रास झाला. ही हकीकत तोंडानं सांगायची लाज वाटते, म्हणून लिहून काढते. वाचणाऱ्यानं हसावं. मला हसायला बराच वेळ लागला.

आमच्या वैशूला बँकेनं कार्ड नाकारलं, कारण तिच्यावर कर्ज नव्हतं.

वैशू तेव्हा अकोल्याला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. परीक्षेचा फॉर्म, होस्टेलची फी, सगळं मोबाइलवरून भरायचं, आणि स्कॉलरशिप येणार परीक्षा होऊन गेल्यावर. मैत्रिणींकडे क्रेडिट कार्ड होतं, म्हणून आपणही काढू म्हणाली. मी तिच्यासोबत खामगावच्या बँकेत गेले आणि पदर घट्ट धरून खुर्चीच्या टोकावर बसले.

साहेब म्हणाले, "हिनं आजवर कधी कर्जच घेतलेलं नाही. मग हिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

मी वैशूच्या कानात म्हटलं, "सांग ना, तुह्या बाबानं लय घेतलं आहे म्हणून."

"गप बस आई. त्यानं अजून बिघडते."

म्हणजे बाप कर्जात म्हणून बापाला नाही, आणि पोरगी कर्जात नाही म्हणून पोरीला नाही. (मधे मी उरले होते. मला कोणी विचारलं नाही.)

शेवटी साहेबांनीच वाट काढली. वैशूच्या नावावर तीस हजारांची एफडी होती. माझ्या कापूस वेचणीच्या मजुरीतून जमलेली, तिच्या तिसऱ्या वर्षाच्या फीसाठी राखलेली. ती अडकवून ठेवा, म्हणाले, त्यावर कार्ड देतो. आपलेच पैसे अडकवायचे आणि बँकेनं आपल्याला उसने दिल्याचा रुबाब करायचा. मी मान हलवली. खुर्चीवरच्या माणसासमोर मला तेवढंच येतं.

बाहेर आल्यावर वैशूनं बजावलं, "ध्यानात ठेव आई. याचे पैसे नाही भरले तर एफडी जाईन, अन् एफडी गेली तर माह्यं तिसरं वर्ष गेलं."

कार्ड गावच्या पत्त्यावर आलं. होस्टेलात चोऱ्या होतात, फी भरायच्या वेळी नेईन म्हणून वैशूनं ते माझ्याकडेच ठेवलं, पिन सांगितला आणि ती अकोल्याला गेली. मी ते तुरीच्या डाळीच्या डब्यात पुरलं.

त्या वर्षी पाऊस पेरणी करायला लावून गेला तो गेलाच. बीटी कपाशीची पाकिटं जमिनीत भाजून निघाली. दुबार पेरायचं तर बियाणं हवं, आणि कृषी केंद्राच्या सलीमभाईंनी उधारी बंद केलेली. वैशूचे बाबा ओट्यावर तोंड पाडून बसले होते. मी म्हटलं, "कार्ड आहे ना घरात."

"पोरीचं आहे ते."

"मंग? पिकल्यावर भरू." (लग्नानंतर मी दिलेला हा पहिला सल्ला. त्यांनी तो लगेच मानला, हे त्यांचं नशीब.)

आता खरं सांगते. आमच्या घरात कर्जाची एकच जात माहीत. पेरणीला घ्यायचं, कापूस विकला की भरायचं. नाही जमलं तर मार्चमध्ये बँकच नवं-जुनं करते: कागदावर जुनं फिटतं, नवं चढतं, आपण सही करायची आणि चहा पिऊन घरी यायचं. दर महिन्याला फेडायचं कर्ज जगात असतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

सलीमभाईंनी कार्ड मशीनमध्ये घातलं. "भाभी, पिन?"

दुकानात सगळे पुरुष. मी वैशूच्या बाबांच्या कानात हळूच आकडे सांगितले. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून खात्री करायला त्यांनी चारही आकडे मोठ्यानं म्हणून दाखवले.

"भाऊ," सलीमभाई म्हणाले, "आता पंचायतीच्या फळ्यावर लिहून टाका, कोणी राह्यलं असन तर."

बियाणं आणि खत मिळून अठरा हजार झाले.

वैशूचं खातं शाळेत असताना काढलेलं, त्यावर नंबर तिच्या बाबांचा. म्हणून बँकेचे इंग्रजी मेसेज त्यांच्या मोबाइलवर येऊ लागले. बँकेचा कागद फेकू नये या समजुतीनं त्यांनी ते सगळे जपून ठेवले. मग फोन सुरू झाले. एकदा मीच उचलला. पलीकडे एक गोड आवाजाची पोरगी.

"मॅडम, पेमेंट कब करेंगे?"

"सीतादही झाली की."

पहिल्या वेचणीच्या दिवशी आम्ही पराटीत, म्हणजे उभ्या कपाशीत, दहीभात ठेवून पूजा करतो, ती सीतादही. त्याआधी पैसा कुठला?

"सीता जी से बात करवाइए."

"तिची पूजा असते बाई. वावरात."

"वो कब तक लौटेंगी?"

मी फोन ठेवला. पुढचे कितीतरी दिवस ती पोरगी सीताजींची चौकशी करत होती. मी त्या बाहेर गेल्यात असंच सांगत होते.

सीतादही झाली. बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी. बीटीला अळी लागत नाही, असं पाकिटावर छापलेलं, पण अळीला वाचता येत नसावं.

दिवाळीला वैशू आली. बाबांचा मोबाइल बघता बघता तिचा चेहरा उतरला. "आई, हे अठराचे बावीस कशानं झाले?"

"अजून कापूस इकला नाही ना."

"कार्डाचं दर महिन्याले भरा लागते व आई!"

"दर महिन्याले पराटी फुटते काय?"

ती रडायलाच लागली. "मले भेटलंच नव्हतं कार्ड, तेच बरं होतं. आता बँकवाला म्हणते, संक्रांतीपर्यंत नाही भरलं तर एफडी मोडतो. मंग येतो मी वापस, तुह्यासंगं वेचाले."

शेजारची मालताबाई म्हणाली, "थांबा ना, निवडणूक जवळ आहे, कर्जमाफी होईन." मी एक आठवडा खरंच थांबले. एवढी मी शहाणी.

मग दोन शेळ्या विकल्या. आमच्यापेक्षा ज्यांची पराटी बरी होती त्यांच्या वावरात मी किलोवर वेचायला गेले. वेचता वेचता बँकेत काय सुनावायचं ते मोठ्यानं बोलून पाहायचे. आमची भाषा सोडून मेसेज पाठवता, पोरीच्या फीवर डोळा ठेवता, जरा लाज? ओळीतल्या बाया म्हणायच्या, "असंच म्हण व. साहेब पळूनच जाते पाह्य."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी एकटी खामगावला गेले. व्याज-दंडासकट पंचवीस हजार काउंटरवर ठेवले. साहेबांनी नोटा मोजल्या, शिक्का मारला आणि म्हणाले, "झालं. सगळे फिटले. एफडी सुरक्षित आहे."

मी पदर सावरला, घसा साफ केला आणि हात जोडून म्हणाले, "लय उपकार झाले साहेब."