चार दिवस येणारा वास

आज लेकीबरोबर रिक्षाने फुलपाड्याला जाताना पुढच्या टेम्पोतून क्लचप्लेट जळाल्याचा वास आला. जळक्या पुठ्ठ्यासारखा. मी पदर नाकाला लावला.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या जुन्या गाडीत हाच वास चार दिवस येत होता. ह्यांना तपकिरीमुळे वास कळायचेच नाहीत. पाचव्या दिवशी भावाचा फोन आला, आईचं काही खरं नाही, लगेच निघा. गाडी नीट ओढत नव्हती, म्हणून वाटेत ह्यांनी ती मेकॅनिकला दाखवली.

"जळका वास येतो का?" त्याने विचारलं.

"छे," हे म्हणाले.

"वहिनी, तुम्हाला?"

"तिला काय विचारतोस! तिला स्टेअरिंग कुठलं नि स्टेपनी कुठली, ते कळत नाही."

दोघे हसले. मी खाली बघून नाही म्हणून मान हलवली.

"मग केबलच ताणली असेल," म्हणत त्याने ती सैल करून दिली.

कामणच्या पुढे चढावर इंजिन नुसतं ओरडत राहिलं, गाडी जागची हलेना. धुराने डोळे चुरचुरले. दुसऱ्या गाडीने पोहोचलो, तेव्हा आईच्या नाकात कापूस घातला होता. भाऊ म्हणाला, "तासाभरापूर्वीपर्यंत तुलाच विचारत होती गं."

हे त्या मेकॅनिकला अजून शिव्या देतात. त्याला साधा क्लच ओळखता आला नाही, म्हणतात. मी तेव्हा ऐकून घेतलं, आजही ऐकून घेते. वास मला येत होता, हे ह्यांना अजून सांगितलेलं नाही.