हनीफच्या पिकअपचा आवाज

सन २०२३, वैशाख. चौक गावात, जुन्या मुंबई-पुणे हायवेवर माझं गॅरेज. घाट उतरलेली पिकअप ब्रेकची तक्रार घेऊनच दारात उभी राहते. कोपऱ्यात ब्रेकचे झिजलेले लायनर साठतात, तसे किस्सेही साठतात. लायनर भंगारवाला नेतो. किस्से कोणी नेत नाही.

आवाज कसला, ते मालक तोंडानेच काढून दाखवतात. कर्जतचे दोन भाऊ भांडतच आले. थोरला म्हणे, "कुईं!" धाकटा म्हणे, "कुईं नाय रं, खर्र!" मी चाकं खोलली. उजवीकडे खडा अडकलेला, डावीकडचं पॅड संपलेलं. थोरला गाडी चालवायचा, धाकटा डाव्या खिडकीशी बसायचा. दोघंही खरे!

सुलाबाई खालापूरकडच्या वाड्यांवर पिकअपमधून भाजी विकते. मी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत आवाज बंद." ती भडकली. "ब्रेक नीट करा, पन आवाज ऱ्हाऊ द्या! बाया तो ऐकूनच भायेर येतात."

"भोंगा लाव," मी सांगितलं. लावला.

मी कोणाचे उपकार ठेवत नाही. फक्त हनीफचे राहिले होते. मागच्या पावसात बायकोच्या छातीत कळ आली. हनीफने टोमॅटोचे भरलेले क्रेट रस्त्यावर उतरवले आणि तिला पिकअपमधून खोपोलीच्या दवाखान्यात पोचवलं. बायको वाचली. टोमॅटो गेले. पैसे देऊ केले, तर म्हणाला, "काका, लाजवू नका."

तोच हनीफ त्या वैशाखात सकाळी आला. गाडीत लग्नाचं सामान. लोणावळ्याला मुलीचा निकाह. संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन घाट उतरायचा होता.

"काका, चमत्कार! मागच्या चाकाचा आवाज गेला. आपोआप!"

मी चावी काढून खिशात टाकली.

"काका, मस्करी नको. लोक वाट बघतायत!"

"बघू देत."

"मुलीचं लग्न हाय माझ्या!"

"म्हणूनच."

तो ओरडत राहिला. मी चाक उतरवलं, ड्रम काढला. "हात लाव."

त्याने लायनरला हात लावला. बोटं तेलाने थबथबली. ब्रेकचा सिलेंडर गळत होता. तेलात भिजलेला लायनर ओरडत नाही, आणि चाक धरतही नाही. हनीफ तिथेच टायरवर बसला.

सामान दुसऱ्या टेंपोतून पाठवलं. मी सिलेंडर आणि लायनर बदलले. रिकामी गाडी घाटात नेऊन उतरवून बघितली. मग चावी दिली.

हनीफने खिशात हात घातला. "किती झाले, काका?"

"फिटलं."


त्याने गाडी चालू केली.