दुसरी लाईन

सोलापूरच्या एमआयडीसीत शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या आमच्या कारखान्यात हजेरी, रजा, पीएफ, भांडणं, सगळं मीच बघते. पाहुणे आले की मालक मला 'आमच्या एचआर' म्हणतात. एरवी 'अहो, जरा चहाचं बघा.'

एकदा बाहेरगावचं मोठं गिऱ्हाईक कारखाना तपासायला येणार होतं. महिला तक्रार समिती पाहिजेच म्हणाले. मग काय, एका दुपारात समिती तयार! मालकांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, अध्यक्ष, मी सदस्य, बाहेरची एक बाई लागते म्हणून वहिनींची जाऊ. ती बया कधी फिरकलीच नाही. पाण्याच्या टाकीशेजारी बोर्ड लागला. कसली डोंबलाची समिती! पण कुंभारीहून येणाऱ्या एका पोरीनं तो बोर्ड खरा मानला.

नवरा गेलेला, घरी सासू आणि लहान लेक, कमावणारी ही एकटी. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच माझ्याकडे आली.

"मॅडम, आमच्या मशिनींच्या लाईनीवरचे मास्तर येता-जाता पाठीवरनं हात फिरवत्यात. मला दुसऱ्या लाईनीला टाका, एवढंच. काम सोडायचं न्हाय मला. बोर्डावर तुमचं नाव हाय की."

समिती बसली. मास्तर आल्या आल्या डोळे पुसायला लागले. "बहिणीसारखी हाय हो मला ती."

वहिनींचा चेहरा खुलला. "मग झालं तर! बांध गं राखी. घरातलं घरात मिटलेलं बरं." राखीपौर्णिमा लांब होती. त्यांनी ऑफिसातल्या देवापुढचा लाल धागा उचलून पोरीच्या हातात ठेवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वहिनी, तिनं लाईन मागितलीय, भाऊ नाही मागितला!"

दारात उभे असलेले मालक माझ्यावरच उखडले. "ऐन सीझनला मास्तर सोडून गेला तर लाईन तुम्ही चालवणार का?"

पोरीनं धागा बांधला. गाठ काही केल्या बसेना. मास्तरांनी खिशातून नोट काढून ओवाळणी घातली. मेल्यानं ओवाळणी घातली! वर वहिनींनी पेढे वाटले. मी लाईन बदलण्याचं पुन्हा काढलं, तर हसून म्हणाल्या, "अहो, आता भाऊच झाला की. लाईन कशाला बदलायची?"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मशिनींपाशी जाऊन उभी राहिले. मास्तर आले, धागा बांधलेला तोच हात तिच्या पाठीवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय ताई, जमतंय का?"

"हात काढा आधी!" मी ओरडले. मशिनी थांबल्या. बायका मास्तरांकडे नाही, माझ्याकडे बघायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, "अवो मॅडम, असं काय करताय? भाऊ हाय की तिचा."

थोड्याच दिवसांत पोरगी कात्री आणि डबा उचलून निघाली. मी गेटपर्यंत धावले. म्हटलं, थांब, आपण कलेक्टर कचेरीत तक्रार करू, मी येते तुझ्याबरोबर.

"काय सांगू तितं?" ती म्हणाली. "आदी वरडता तरी येत हुतं, मॅडम. आता समद्यांच्या देखत मीच धागा बांधलाय."

त्याच संध्याकाळी मी तो बोर्ड खिळ्यांसकट उपसून काढला. सकाळी येऊन बघते तर परत ठोकलेला. पुढचं गिऱ्हाईक तपासायला यायचं होतं.