आठ पायांची चिप आणि आमचं लग्न

मेहकरला आमच्या बैठकीत एक जुना अँप्लिफायर आहे. त्याचं काहीही बिघडलेलं नव्हतं आणि हेच मला खुपत होतं. इंटरनेटवरचे जाणकार सांगत होते की आतली ऑप-अँप नावाची आठ पायांची चिप बदलली की गाण्यावरची गोधडी निघते. माझी गाणी गोधडीखाली आहेत हे तोवर मला माहीतच नव्हतं. मी चिप मागवली, जुनी उपटली, नवी खोचली. बायको म्हणाली, काही फरक नाही. मी म्हणालो, फरक ऐकायला कान लागतात.

तिला गप्प करायला आमच्या लग्नाचं रेकॉर्डिंग लावलं. मंडपवाल्याने तेव्हा कॅसेट भरली होती, ती मी पेन ड्राइव्हवर घेतली होती. त्रिशरण संपून पंचशील सुरू होण्याआधी जरा शांतता आहे. तिथे माइकजवळ एका बाईची कुजबुज ऐकू आली, "बावळटच दिसते वं हा."

हा म्हणजे नवरदेव. म्हणजे मी.

संशय सरळ धाड गावच्या आत्यावर गेला, कारण तिने आणलेलं स्थळ मी नाकारलं होतं. तिला बोलावून स्पीकरसमोर बसवलं. तिने डोळे मिटून ऐकलं. "माहा आवाज नाही तो. मी असती तं मोठ्यानं म्हटलं असतं," ती म्हणाली. हिवरा आश्रमाहून मावसबहीण आली. तिनेही हात झटकले, पण जाताना पुन्हा एकदा ऐकवायला लावलं. माझं डोकं फिरलं. आत्याच्या नातवाच्या लग्नाला जायचं नाही, असं मी जाहीर करून टाकलं. ज्या आत्याने मला अंगाखांद्यावर खेळवलं तिच्याशी हे वागणं मलाच सोसत नव्हतं, पण माघार कोण घेणार?

वैतागून जुनी चिप परत बसवली. कुजबुज तितकीच खणखणीत. नव्या चिपने काहीच केलं नव्हतं. मीच आपलं लग्न पहिल्यांदा कान देऊन ऐकलं होतं.

नातवाच्या लग्नाच्या दिवशी सकाळी बायको बॅग भरत होती. "आत्याले काऊन दोष देऊन राह्यले?" ती म्हणाली. "ते मी म्हटलं होतं." शेजारी हार धरून उभ्या असलेल्या मैत्रिणीला म्हटलं होतं म्हणे.

मी विचारलं, "मंग हार काऊन घातला?"

"पुढचं ऐकलंच नाही वाटते तुम्ही."

खरंच नव्हतं ऐकलं. 'बावळट' आलं की मी दरवेळी रेकॉर्डिंग मागे घेत होतो. आज पुढे जाऊ दिलं. मैत्रीण विचारते, "मंग?" आणि पंचशील सुरू होता होता बायकोचा आवाज येतो, "चालते."

बाहेर धाडला लग्नाला नेणारी जीप हॉर्न देत होती. मी एका हाताने शर्टाची बटणं लावली आणि दुसऱ्या हाताने रेकॉर्डिंग पुन्हा मागे घेतलं.