पंचेचाळीस वर्षांचं लेकरू

आमच्या घरात नऊ वर्षांच्या माणसाला मोबाइलवर वाट्टेल ते पाहायची मुभा आहे. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला नाही.

ही व्यवस्था मीच लावली. माझी मुलगी मुक्ता जेवताना भुताचे व्हिडिओ पाहायची आणि मग अंगणात जायलाही आईला सोबत न्यायची. मुलांना त्यांच्याजोगंच दिसावं, अशी सोय फोनमध्ये असते, हे मी ऐकून होतो. (मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात मोबाइलमधलं फक्त मलाच कळतं, असं माझं ठाम मत होतं.) तिचा आणि माझा फोन खाटेवर मांडला. दोन्हींना एकाच दुकानातली काळी कव्हरं. चष्मा शेतात राहिलेला. एका फोनवर 'पालक' दाबलं, दुसऱ्यावर 'मूल'. फोननं माझं अभिनंदन केलं. मीही केलं!

आधल्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं गावाचा कापूस पोखरला होता, त्यामुळे यंदा सगळेच धास्तावलेले. मी ऐटीत जाहीर केलं, "कामगंध सापळे लावाचे कसे, मोबाइलवर दाखवतो. सकाळी या!" दहा-बारा जण सापळे घेऊन ओट्यावर हजर. सगळ्यांत पुढे शेजारचे रहीमचाचा.

मी व्हिडिओवर बोट ठेवलं. पडद्यावर अक्षरं आली: 'तुमच्या पालकांकडे परवानगी मागितली आहे.'

घरात मुक्ताच्या फोनची घंटी वाजली. ती बाहेर येऊन मोठ्यानं वाचू लागली, "मादीच्या वासानं नर कसा फसतो... बाबा! हे काय पाहून राहिले तुमी?"

ओट्यावर खसखस पिकली. रहीमचाचा म्हणाले, "अरे भाऊ, आमाले तं अळीचं सांगून बलावलं नं तुनं!"

"अवं, पतंगाचं हाय ते! वासाच्या गोळीनं नर सापळ्यात अडकते, मंग जोडी जमत नाही, अंडी नाही, अळी नाही. दाब लवकर!"

"जोडी जमणं म्हंजे?" मुक्तानं विचारलं.

मी आशेनं बायकोकडे पाहिलं. ती दारात पदर तोंडाला लावून उभी! "सांगा नं," ती म्हणाली, "तुमाले तं समदं समजते."

मी खोकलो. मुक्तानं मान हलवली, "समजलं नाही तं पाहाचं नाही, तुमीच म्हनलं होतं."

शेवटी रहीमचाचा तिच्यापुढे उकिडवे बसले. "बेटी, माह्या कपाशीले फुलं लागली. सापळा चुकला तं सालभराची मेहनत अळी खाऊन टाकते."

मुक्ता गंभीर झाली. "एकच पाहा. अन् डोळ्यापासून लांब धरा!" तिनं परवानगी दिली आणि बारा बापे हातभर लांबून मुकाट्यानं व्हिडिओ पाहू लागले. दुपारपर्यंत सापळे शेतात उभे राहिले, आणि आठवड्यात त्यांत पतंग पडू लागले. मला फार बरं वाटलं. रहीमचाचांनी पाठ मात्र मुक्ताची थोपटली!

आता मला मोठं व्हायचं होतं. पण 'मूल' हे नाव काढायलाही पालकाची संमती लागते! मुक्तानं आधी मी काय-काय मागितलं त्याची यादी उघडली: टक्कल घालवण्याचे उपाय, कुस्ती, बायकोचा राग कसा ओळखावा, पुन्हा टक्कल.

"तुमाले अजून समज आली नाही, बाबा. पुढच्या वर्षी पाहू."

मी हट्टाला पेटलो, पाय आपटले. तेव्हा तिनं फोनच काढून घेतला!